वजा सहा

उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली म्हणून त्याने मान वर केली आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. समोर उघड्या पडलेल्या नोंदवहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सूर्यास्त सहा अकरा. त्याने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीच्या पलीकडे सपाट मोकळी जमीन होती, त्या जमिनीवर एकही झाड नव्हतं, आणि तिच्या कडेपासून चांगला बोटभर वर सूर्य होता. लाल झालेला, पण पुरता गोल. तो काही मावळायच्या घाईत दिसत नव्हता. "घड्याळ पुढे आहे का हो?" त्याने टायपिस्ट बाईंना विचारलं. त्या यंत्रावर झाकण घालत होत्या. म्हणाल्या, "नाही. सकाळीच मिळवलंय मी. का?" "काही नाही," तो म्हणाला. बाई पर्स उचलून निघून गेल्या. तो खुर्चीतच बसून राहिला. खरं म्हणजे त्याने त्या दिवशीचं टेबल आवरलेलं होतं, डबा पिशवीत घातलेला होता, पण सूर्य जमिनीला टेकेपर्यंत त्याला उठता येईना. टेकला, चपटा झाला, निम्मा झाला, आणि एका क्षणी नुसती तांबडी रेघ उरून तीही गेली तेव्हा घड्याळात सहा तेवीस झाले होते. बारा मिनिटं. त्याने हे कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं आणि लगेच खोडरबराने पुसून टाकलं, जणू कुणी पाहिलं असतं.

त्या खोलीत तो सोमवारपासून बसत होता. त्याआधी अकरा वर्षं त्याचं टेबल इमारतीच्या पोटातल्या आतल्या खोलीत होतं, जिथे सकाळी नऊलाही ट्यूब लावावी लागे. तिथलं वायरिंग बदलायला काढलं म्हणून त्याला तात्पुरतं या पश्चिमेकडच्या खोलीत हलवलं होतं. उड्डाण शाळेत तो नोंदणी कारकून होता. विद्यार्थ्यांनी विमान कधी उचललं आणि कधी टेकवलं या दोन वेळा त्याच्याकडे येत, आणि त्या उड्डाणातली किती मिनिटं दिवसाच्या रकान्यात जातील आणि किती रात्रीच्या, हे तो ठरवत असे. सूर्य मावळून अर्धा तास झाला की नियमाने रात्र सुरू व्हायची. उगवायच्या अर्धा तास आधी ती संपायची. परवान्यासाठी रात्रीचे दहा तास लागत. म्हणून रात्र नेमकी कधी सुरू होते याला फार महत्त्व होतं आणि ते फक्त त्याला माहीत असे. त्याचं आडनाव वेगळंच होतं, पण शाळेत सगळे त्याला मावळकर म्हणत. "मावळकर, आज किती वाजता मावळताय?" पोरं दारातून डोकं आत घालून विचारत, आणि तो वहीतून वर न बघता आकडा सांगे. आडनाव चिकटलं त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. पगारपत्रकावर मूळ आडनाव पाहिलं की त्यालाच क्षणभर ते परक्याचं वाटे. आणि आता या खुर्चीत बसून त्याच्या ध्यानात येत होतं की या अकरा वर्षांत त्याने इथला सूर्य मावळताना एकदाही पाहिला नव्हता. सूर्य मावळायचा तेव्हा तो नेहमी आत असायचा. सूर्य किती वाजता मावळला ते लिहीत.

दुसऱ्या दिवशी ढग होते. तिसऱ्या दिवशी त्याने घरून निघतानाच मनगटावरचं घड्याळ रेडिओच्या ठोक्यांवर मिळवून घेतलं. तक्ता म्हणत होता सहा बारा. सूर्य गेला सहा चोवीसला. त्या संध्याकाळी तो घरी उशिरा पोहोचला, बायकोने विचारलं तर काम होतं म्हणाला, आणि जेवताना त्याच्या डोक्यात बारा हा आकडा एखाद्या सुट्या दातासारखा हलत राहिला. बारा म्हणजे सहा दुणे बारा. सहा मिनिटं त्याच्या चांगल्या ओळखीची होती. सरकारी तक्त्यात सूर्यास्ताची जी वेळ छापलेली असते ती एका ठरावीक रेखांशाची. आपण त्या रेखांशापासून जितके लांब, तितका फरक, अंशाला चार मिनिटं. शाळेची धावपट्टी दीड अंश लांब होती. म्हणून सहा मिनिटं. रोज सकाळी तो तक्त्यातून आकडा काढे आणि त्यातून सहा वजा करी. घास हातात तसाच राहिला. वजा. त्याने वजा का केले होते?

त्याची पहिली नोकरी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या शाळेत होती. तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने त्याला हे काम शिकवलं होतं. म्हातारा चहाच्या कपावर बशी झाकून ठेवायचा, आणि चहा पुरता गार झाल्यावर एका घोटात प्यायचा. त्याच्या कोटाला सदैव शाईचा आणि कापराचा वास यायचा. "हे बघ," तो म्हणाला होता, "आपण पडलो पूर्वेला. पूर्वेकडच्याला सूर्य आधी भेटतो आणि आधी सोडून जातो. म्हणून आपलं वजा. काय?" "वजा," तो म्हणाला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, डोळे मिटून विश्वास ठेवण्याच्या वयाचा, आणि पश्चिमेला असलो तर काय करायचं असं विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. पश्चिमेला कोण चाललं होतं! एकवीस वर्षं त्याने तिथे दोन मिनिटं वजा केली. मग ती शाळा बंद पडली, ही नोकरी मिळाली, बिऱ्हाड इकडे हललं. पहिल्याच दिवशी त्याने नकाशा मागवून घेतला, पट्टी लावून अंतर मोजलं, दीड अंश, सहा मिनिटं, मोठ्या काळजीने नवा आकडा काढला. दोनच्या जागी सहा लिहिले. आधीचं चिन्ह तसंच राहिलं. नकाशावर ही जागा त्या रेषेच्या पश्चिमेला आहे हे त्याला दिसलंच होतं, दिसत कसं नव्हतं. पण दिसणं एका खोलीत राहिलं आणि हात दुसऱ्या खोलीत चालत राहिला. टॉवरमधल्या माणसांचा दिवे लावण्याचा तक्ता वेगळा होता, तो त्यांच्याकडे असे. याचा याच्याकडे. दोन कागद एकाच इमारतीत अकरा वर्षं राहिले आणि त्यांची एकदाही गाठ पडली नाही. "भात वाढू?" बायको विचारत होती. बाजूला ताई बसली होती, त्याची मोठी बहीण. ती म्हणाली, "बाळू, अरे तंद्री कसली लागलीय तुला? बायको काय विचारतेय?" छप्पन्न वर्षांच्या माणसाला जगात एकच माणूस बाळू म्हणत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी त्याला भिंगरी आठवली. म्हणजे आठवली असं नाही, ती तिथे होतीच. आकडा कळल्यापासून ती दाराशी उभी होती आणि तो तिकडे बघायचं टाळत होता.

भिंगरी म्हणजे ताईची मुलगी. खरं नाव चारचौघांसारखं होतं, पण रांगायला लागल्यापासून एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हा भिंगरी. तिचे वडील ती सात वर्षांची असताना गेले आणि मायलेकी त्याच्याकडे राहायला आल्या. त्याला मूल नव्हतं. बायकोने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि भिंगरी आल्यावर ते न बोलणंही संपलं. तिला विमानाचं वेड त्याच्यामुळेच लागलं, सुट्टीत तो तिला शाळेत घेऊन जाई. आणि पुढे कर्मचाऱ्याच्या घरातली म्हणून सवलतीत प्रवेश मिळाला तोही त्याच्यामुळेच. हे सगळं पूर्वी तो अभिमानाने सांगत असे, नंतर सांगायचं बंद केलं. चार वर्षांपूर्वी टपाल वाहणारं एक छोटं विमान घेऊन ती एकटीच एका तळ्याकाठच्या धावपट्टीवर उतरत होती. रात्र होती, चंद्र नव्हता, काठावर दिवे नव्हते. पाणी कुठलं आणि आकाश कुठलं हे वैमानिकाला उमगलं नाही, असं अहवालात लिहिलं होतं. विमानात बिघाड नव्हता. हवा स्वच्छ होती. कुणाचा दोष आढळत नाही. ताईने ते शेवटचं वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं, आणि मग चष्मा काढून पदराने पुसत बसली होती, पुष्कळ वेळ.

शाळेच्या नोंदींच्या प्रती तळमजल्यावर लोखंडी कपाटात असत. त्याने तिची प्रत काढली ती शनिवारी दुपारी, सगळे गेल्यावर, आणि वर आणली तीसुद्धा इतर चार जणांच्या प्रतींच्या मध्ये घालून. तिचं अक्षर तिरपं होतं, चालता चालता लिहिल्यासारखं. रात्रीचे एकूण तास: दहा तास वीस मिनिटं. खाली त्याचीच सही. त्याने कोरा कागद घेतला आणि एकेक उड्डाण नव्याने मांडायला लागला. उणेच्या जागी अधिक. एकोणीस उड्डाणं होती. आठ अशी की विमान उचललं तेव्हाच रात्र पडून गेलेली होती, त्यांना धक्का लागत नव्हता. दोन अशी की जराशी कापली जात होती, एक सात मिनिटांनी, एक पाच. उरलेली नऊ उजेडात सुरू होऊन अंधारात संपलेली होती, आणि त्या प्रत्येकातून बारा मिनिटं गळून पडत होती. नव्वद आणि अठरा एकशे आठ, अधिक बारा, एकशे वीस. दोन तास बरोबर. इतकी गोल बेरीज आली की त्याला ती खोटी वाटली, त्याने ती खालून वर केली, मग वरून खाली. आठ तास वीस मिनिटं. परवाना मिळायला एक तास चाळीस मिनिटं कमी. तिला परवाना मिळायला नको होता. अजून दोन तरी रात्री तिने शिक्षकाला शेजारी बसवून अंधारात काढायला हव्या होत्या. कुठल्या रात्री, त्यांत काय घडलं असतं, शिक्षक काय बोलला असता, एखादी न दिसणारी गोष्ट तिला दिसायला लागली असती का, हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस तो हेच करत होता. अकरा वर्षांतल्या एकशे चौऱ्याण्णव जणांच्या प्रती त्याने चार-चार करून वर आणल्या. आणि त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली: बहुतेकांचं काहीच बिघडलेलं नव्हतं. कारण चूक सकाळीही होत होती. पहाटेच्या उड्डाणांत तो सूर्य बारा मिनिटं आधी उगवत होता, म्हणजे रात्र बारा मिनिटं आधी संपवत होता आणि पोरांच्या वाट्याचा अंधार कापत होता. वसतिगृहातली मुलं पहाटे उडत, संध्याकाळीही उडत. संध्याकाळी जे फुकट मिळे ते पहाटे परत जाई. त्याच्या चुकीनेच त्याची चूक निस्तरली होती. कमी पडत होते ते फक्त पाच जण. त्यांतले चार जिवंत होते. भिंगरीच्या एकोणीस उड्डाणांत पहाटेचं एकही नव्हतं, आणि ते का नव्हतं हे शोधायला त्याला कपाट उघडावं लागलं नाही. पहाटेच्या उड्डाणासाठी घरून चारला निघावं लागे. पहिल्याच दिवशी ताई सबंध रात्र जागीच राहिली आणि निघायच्या वेळी तिचा रक्तदाब वाढला, उड्डाण राहूनच गेलं. मग तो स्वतः प्रशिक्षकांकडे गेला होता, हात जोडल्यासारखं करून म्हणाला होता, "आमच्या मुलीला तेवढं संध्याकाळचंच द्या साहेब. आई एकटी असते तिची. शिवाय मी असतो, स्कूटरवर बरोबर घेऊन जाईन." आणि रोज घेऊन जात होता. मागे बसून ती सबंध रस्ता बडबडत असे, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नसे, तो नुसतं हं हं करी. आयुष्यातला तेवढाच काळ त्याला घरी जायची ओढ नव्हती. रस्ता संपू नये असं वाटे.

आणि एक संध्याकाळ होती. ती मात्र त्याने आतापर्यंत आठवली नव्हती, किंवा आठवली असेल तर गंमत म्हणून. भिंगरी उड्डाण संपवून आतल्या खोलीत आली होती, हेडफोनने बसलेले केस बोटांनी मोकळे करत त्याच्या टेबलाच्या कडेवर बसली आणि वहीत डोकावली. "मामा, तू चुकलास बघ," ती म्हणाली. "एवढी रात्र कुठली? वर होते तेव्हा मला खालची जनावरंसुद्धा दिसत होती. पांढरी कुठली, काळी कुठली, वेगवेगळी." त्याने पेन खाली न ठेवता म्हटलं होतं, "डोळ्यांना काय कळतंय? तक्त्यात रात्र आहे." "बरं बाबा," ती हसून म्हणाली होती, "तक्ता म्हणतो तर रात्र. मला काय, फायदाच आहे!" आणि त्याच्या डब्यातला उरलेला लाडू तोंडात टाकून ती निघून गेली होती. आता तो पश्चिमेच्या खिडकीशी बसला की ते वाक्य त्याला ऐकू येई, तिचं नव्हे, त्याचं. किती सहज म्हणाला होता तो. किती खात्रीने. त्याला वाटायचं, त्या वेळी आपण फक्त उठून पंधरा पावलं चालून बाहेरच्या दारापर्यंत गेलो असतो तर. पंधराच पावलं. ती त्याने मोजलीसुद्धा, एकदा सगळे जेवायला गेलेले असताना. सतरा भरली.

मुख्य प्रशिक्षक सज्जन माणूस होता. त्याने दार लावून घेतलं, याने समोर ठेवलेले जुन्या आणि नव्या हिशेबाचे दोन्ही कागद शांतपणे पाहिले, स्वतः हिशेब करून पाहिला. मग पेनचं टोपण लावलं. "मावळकर, चूक आहे. कबूल. उद्यापासून चिन्ह बदला. नाहीतर असं करू, तक्ता आता संगणकावरच काढू, तुमची कटकट गेली."

"आणि झालेलं, सर?"

"झालेलं काय? अहो, नियमाने रात्र लागायच्या आधी बारा मिनिटं म्हणजे काही लख्ख ऊन नसतं. झालाच असतो अंधार जवळजवळ."

"तिला जनावरं दिसत होती, सर. रंगासकट."

प्रशिक्षकाने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. भिंगरीला त्यानेच शिकवलं होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "परवाना मिळाल्यावर तिने रात्रीचे एक्केचाळीस तास उडवले. एक्केचाळीस. मी तेव्हाच बघितलं होतं. त्यात तुमची एक तास चाळीस मिनिटं कुठे बसतात, सांगा बघू? तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय." तो बरोबर बोलत होता. मावळकरने कागद गोळा केले. त्याला फक्त एवढंच वाटलं की हा माणूस आपल्याजवळची शेवटची वस्तूही काढून घेतो आहे, आणि तीही भल्यासाठी. दाराशी पोहोचल्यावर मागून शब्द आले, "आणि हे बाहेर नको. पोरांच्या परवान्यांचा प्रश्न आहे."

त्याने तरीही पत्र लिहिलं. परवाना कार्यालयाला, दोन पानी, सगळे आकडे देऊन, पाचही जणांचे क्रमांक देऊन, शेवटी स्वतःची सही आणि सहीखाली खरं आडनाव. पोस्टात टाकलं त्या दिवशी त्याला झोप चांगली लागली. त्याला वाटत होतं की आता कुणीतरी येईल. गाडी येईल, दोन माणसं उतरतील, वह्या मागतील, त्याला उभं करून विचारतील. काय विचारतील ते तो स्कूटरवरून येताजाता मनात घोळवायचा आणि उत्तरं द्यायचा. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, तीन ओळींचं. शाळेने एकदा प्रमाणित केलेले तास पाच वर्षांनंतर पुन्हा तपासले जात नाहीत, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे, कळवल्याबद्दल आभार. पत्राची प्रत मुख्य प्रशिक्षकाला गेली होती. त्याने बोलावून घेतलं, पण रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "झालं समाधान?" टायपिस्ट बाईंनी ते पत्र आवक वहीत चढवलं आणि कुठल्या फाइलला लावू म्हणून विचारलं. तो म्हणाला, लावा कुठल्याही. आभार या शब्दावर शिक्का थोडा फाकला होता. त्या संध्याकाळी स्कूटर सुरू करताना त्याला कळून चुकलं की या गोष्टीला आता या जगात एकही मालक नाही. ती त्याची आहे असं मानायलाही कुणी तयार नाही. आणि मग त्याला ताई आठवली. आठवली म्हणजे, बुडणाऱ्याला काठ आठवतो तशी.

ताई बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. बायको खाली दळण आणायला गेली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. सुरुवातीला तिला काही कळेना, ती एकेक कपडा घडी करून खांद्यावर टाकत ऐकत होती. रेखांश, अंश, चार मिनिटं. तो मास्तरासारखा समजावून सांगत होता आणि मध्येच त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने सरळ सांगितलं, की भिंगरीचे रात्रीचे तास पुरे झाले नव्हते, ते मी पुरे दाखवले. चुकून. ताईचे हात थांबले.

"चुकून," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे तुला कधी कळलं?"

"आत्ता. दोन-तीन महिने झाले. तिला मात्र..." इथे त्याने थांबायला हवं होतं, आणि त्याला ते कळतही होतं. "तिला तेव्हाच कळलं होतं, ताई. ती मला म्हणाली होती, मामा, अजून उजेड आहे. मी ऐकलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ताईने खांद्यावरचे कपडे खुर्चीवर ठेवले. तिचा आवाज चढला नाही. लहानपणी त्याने काही फोडलं की ती ज्या आवाजात विचारायची, जवळपास त्याच आवाजात तिने विचारलं, "मग मला कशाला सांगितलंस?"

त्याने दोरीवरच्या सदऱ्याची बाही सरळ केली.

"सांग ना. ती येणार आहे का परत?"

"मला वाटलं, तुला कळायला हवं."

"मला नको होतं कळायला, बाळू. तुला सांगायचं होतं." ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "ते गेले तेव्हा मी देवाला शिव्या घातल्या. भिंगरी गेली तेव्हा कुणाला घालू म्हणून शोधत होते, आणि तूच वाचून दाखवलंस, कुणाचा दोष नाही म्हणून. त्या एका ओळीवर मी चार वर्षं उठतेय, बसतेय, तुझ्या घरचं जेवतेय. ती ओळ होती रे माझ्याजवळ. तीही नेलीस."

"सर म्हणतात त्याचा काही संबंध नाही. तिने नंतर एक्केचाळीस तास..."

"ते त्यांचं त्यांच्याजवळ. तू तुझं सांगितलंस, मी ऐकलं." दारात बायकोच्या चपलांचा आवाज आला. ताईने कपडे पुन्हा उचलले आणि आत जाताना म्हणाली, "तुझा सदरा ओला आहे अजून. तो तेवढा राहू दे बाहेर."

त्यानंतर पंधरा दिवस घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. ताई सकाळी चहा ठेवत होती, पेपरवाल्याशी हुज्जत घालत होती, त्याला वाढतसुद्धा होती. फक्त त्याला हाक मारत नव्हती. "यांना विचार," ती त्याच्या बायकोला सांगे, तो समोर बसलेला असताना. एकदा दोनदा त्याने विषय काढायचा प्रयत्न केला, तर ती शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत गेली. राग असता तर तो उतरेल म्हणून वाट बघता आली असती. हे रागासारखं नव्हतं. ती त्याच्याकडे बघायची तेव्हा तिच्या डोळ्यांत काही शोधल्यासारखं दिसे, जणू एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या चेहऱ्यात ती दुसऱ्या कुणाचा चेहरा पडताळून बघत होती. मग एका सकाळी बायकोने त्याच्या हातात डबा देताना सांगितलं, "ताई रविवारी दिरांकडे चालल्यात."

"किती दिवस?"

"अहो, ट्रंक काढलीय त्यांनी माळ्यावरून."

"त्या दिराशी तिचं पटत नाही."

"मला काय माहीत? मी विचारलं, काय झालं. तुमच्याकडे बोट दाखवलं नाही त्यांनी, एवढंच सांगते. बदल हवा म्हणाल्या." बायकोला त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. आता सांगावं असं त्याच्या मनात आलं, आणि आलं तसं त्याने गिळून टाकलं. तेवढं तरी तो शिकला होता.

रविवारी तो बसपर्यंत पोहोचवायला गेला. ट्रंक टपावर चढली. ताईला खिडकीची जागा मिळाली. तो खाली उभा राहिला, डोकं वर करून, आणि म्हणाला, "गोळ्या घेतल्यास ना?" तिने मान हलवली. "पोहोचलीस की फोन कर." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं ती आता बाळू म्हणेल. तिचे ओठ हलले तसे वाटलेही. पण कंडक्टरने घंटी दिली, शेजारच्या बाईने खिडकीची काच ओढून घेतली, आणि बस वळून गेली. फोन दुसऱ्या दिवशी आला, दिराचा, बायकोला.

तो बस गेल्यावर घरी परतला तेव्हा बायकोने ताईच्या खोलीच्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि गाद्या उन्हात घातल्या होत्या. मधोमध नुसता पलंगाचा सांगाडा होता. हा पलंग मायलेकींसाठी म्हणून त्याने घेतला होता, पोरगी सात वर्षांची होती तेव्हा, आणि नंतर त्यावर ताई एकटी झोपत होती. "हा काढू या का?" बायको म्हणाली. "खोली मोकळी होईल."

"येईल की ती."

"नाही येणार त्या," बायको म्हणाली. आवाजात काही नव्हतं, सांगायचं म्हणून सांगितलं. "फणीसुद्धा ठेवली नाही मागे."

दोघांनी उचलून पाहिला, पण दारातून जाईना; बिऱ्हाड इकडे हललं तेव्हा खोलीतच जोडलेला होता. मग त्याने हत्यारांच्या डब्यातून पाना काढला आणि फरशीवर बसून कोपऱ्यांचे बोल्ट सोडवायला लागला. पहिले दोन सहज निघाले. तिसऱ्याला तेल सोडावं लागलं. चौथा गंजून बसला होता. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, पाय टेकवून लावला, तळहात सोलवटला, तो जागचा हलला नाही. बायको फडकं हातात घेऊन दाराशी उभी होती. "राहू दे आता," ती म्हणाली, "उद्या सुताराला बोलावू." "हो," तो म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सुटल्याचा आवाज आला. पलंगाची एक बाजू सुटून जमिनीला टेकली होती आणि दुसरी अजून उभी होती. त्या तिरक्या पडलेल्या फळीला पाठ लावून तो तसाच बसून राहिला, पाना मांडीवर घेऊन.